काढून टाकलेली ओळ

उस्ताद, शेवटी लिहायला बसलो. आर्णीच्या तुमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात तो लोखंडी पाना आपटला, त्याचा आवाज कानातून जात नाही. घरात कोणाच्या हातून भांडं पडलं तरी मला आधी तुमचा उजवा हात दिसतो, आणि तुम्ही तर कधीचेच गेलात.

कापसाला भाव नव्हता त्या वर्षांतली गोष्ट. कापसाची सरकी काढणारी जिनिंग गिरणी बंद, म्हणून तिथली माणसं आपल्याकडे कॉम्प्युटरवर गोळीबाराचे खेळ खेळत बसायची. मी चाळिशीचा, सातवी नापास. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायला तुम्हीच शिकवलं. त्यातून मी 'वाढव' बनवलं. खेळ जिथे थांबवला ती जागा जपणारी फाइल त्याला दाखवायची, एंटर मारायचं, की गोळ्या आणि जीव वाढलेले. फ्लॉपीवर घालून मी ते फुकट वाटत सुटलो. तुम्ही बजावायचात, "पहिले फाइलची नक्कल, मंग हात. दुसऱ्याचा माल हाय तो, मियाँ."

जिनिंगच्या फिटरचा धाकटा भाऊ कापसाच्या गठाणी दाबणाऱ्या प्रेसमध्ये चिरडून मेला होता. त्याचा अर्धवट खेळ आपल्या कोपऱ्यातल्या मशीनवर तसाच होता. उघडला की वर त्याचं नाव यायचं. फिटर रोज येऊन तो खेळ थोडा पुढे न्यायचा. एका ठिकाणी सारखा मरायला लागला, म्हणून त्यानं माझं 'वाढव' चालवलं. माझे आकडे भलत्याच जागी बसले. फाइल गेली. नाव गेलं.

तो बाहेर गेला आणि पाना घेऊन आला. "कोनं बनवलं बे हे?" मी टेबलाखाली सांडलेले स्क्रू वेचतो आहे. तिथेच राहतो. तुम्ही म्हणता, "म्या बनवलं. बोल." पहिला घाव पडद्यावर, दुसरा तुमच्या हातावर. हाड मोडल्याचं मी ऐकलं. "माह्या भावाचं नाव होतं रे त्याच्यात!" तो रडत होता आणि मारत होता. तुमचा एक दात माझ्यासमोर फरशीवर पडला. मी स्क्रू मुठीत इतके आवळले की तळवा फाटला.

त्या हातानं तुम्ही पुन्हा कधी सोल्डरिंग केलं नाही. यवतमाळच्या दवाखान्यात सुजल्या तोंडानं विचारलंत, "तुह्यं 'वाढव' नक्कल ठेवत होतं ना?"

"हो उस्ताद. फ्लॉपीच खराब निघाली."

"मंग तुही गलती नाही. साला फ्लॉपीवालाच हरामी." हसलात, ओठातून रक्त आलं. मरेपर्यंत गावाला तेच सांगत राहिलात.

आता मी वीजबिलाच्याही दोन-दोन झेरॉक्स काढतो. या पत्राचीही काढली. पाठवणार कुठे, तरी काढली. फ्लॉपी चांगली होती, उस्ताद. 'वाढव'मधली नक्कल ठेवणारी ओळ मीच काढून टाकली होती. तिच्यामुळे फ्लॉपी भरून 'वाढव' अडायचं आणि लोक मला हसायचे.