खोडलेली ओळ

४ सप्टेंबर
पुरुषी हार्मोनचं जेल बरं, इंजेक्शन बरं, की कातडीखाली बसवायच्या गोळ्या? उत्तर मला येत नाही. पण केंद्रात येणाऱ्यांसाठी पत्रक मीच लिहिणार! घरातली पहिली पदवीधर ना मी. पदवी आईने फ्रिजवर लावली आहे – पिझ्झाच्या कूपनाशेजारी.

आमचं 'पुरुष आरोग्य केंद्र' म्हणजे चामड्याच्या खुर्च्या, भिंतीवर हरणाचं मुंडकं, टीव्हीवर फुटबॉल. ओडेसा या आमच्या तेलाच्या गावातले बाप्ये विहिरींवर थकतात आणि इथे येऊन टेस्टोस्टेरॉन टोचून घेतात. डॉक्टर फक्त मंगळवारी. तेही पडद्यावर.

७ सप्टेंबर
तुलना लिहून झाली. जेल – रोज खांद्यांना चोळा, पण तिथे लेकरांचा हात लागू देऊ नका. कातडीवर चिकटवायची पट्टी – खाजवत बसा. इंजेक्शन – आठवड्याला एक. दोन दिवस वाघ, मग मांजर. गोळ्या – काही महिने निवांत, पण आधी कातडीला चीर. शेवटी एक ओळ: या औषधांनी शुक्राणू घटतात, मूल हवं असेल तर सुरू करू नका, आधी डॉक्टरांशी बोला.

खरं लिहिल्याचं इतकं समाधान वाटलं!

९ सप्टेंबर
मॅनेजर ब्रेंटने शेवटची ओळ खोडली. "अगं, हॉटेलवाला मेनूवर जुलाबाचं लिहितो का?"
मी हसले. चार वर्षं शिकून हसले!

१५ सप्टेंबर
आईकडे जेवण. डॅरलदादाने बाही सरकवून दंड दाखवला. "बघ, तुझ्या सवलतीची कमाल! पाच महिने झाले." स्टाफच्या घरच्यांना सवलत असते. अर्जावर सही माझी. मला म्हणाला होता, थकवा येतो.
आई म्हणाली, "आता पाळणा हलू दे बाबा."
"त्यासाठीच तर टोचून घेतोय! माझी टाकी फुल्ल आहे, आई. आता ट्रीनाचं काय ते बघायचं."
ट्रीनावहिनी बटाट्याचं सॅलड ढवळत राहिली. पुढच्या सोमवारी तिला भूल देऊन पोटात दुर्बीण घालणार आहेत. दोष शोधायला.
आणि मी, जीवशास्त्राची पदवीधर – मी आणखी बीन्स वाढून घेतले.

१९ सप्टेंबर
ब्रेंट म्हणतो, तुझं लिहिणं लोकांना पटतं. हो ना. सख्ख्या भावाला तर माझी नुसती सहीही पुरली.

२० सप्टेंबर
सकाळी दादा-वहिनीला समोर बसवून सगळं सांगितलं. सही माझी, हेही. दादा ओरडला, "मग इतके दिवस तोंड शिवलं होतंस का?" वहिनीने फक्त फोन उचलला आणि सोमवारची दुर्बीण पुढे ढकलली. "आधी नवऱ्याची तपासणी," म्हणाली.

तिथून केंद्रात गेले. खोडलेली ओळ सगळ्यात वर घालून पत्रकं छापली, खुर्चीखुर्चीवर ठेवली. माझ्याकडची केंद्राची किल्ली हरणाच्या शिंगाला अडकवून आले.