घंटा झाली तरी

प्रिय मार्लिसताई,

हे पत्र पोस्टात पडणार नाही. पडलं, तर थँक्सगिव्हिंगच्या सणाला सगळ्यांसमोर, टर्की कापण्याआधी तू त्याचं जाहीर वाचन करशील.

सहा वर्षं इंग्रिडला मी शाळेत न घालता घरीच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवलं. "चांगली नोकरी सोडून पोरीला मुरांब्यासारखं बरणीत मुरवतेस!" असं तू म्हणालीस. तुझ्यासारखी सरकारी शाळेत शिकवणारी बहीण म्हणजे घरात नांदणारं शिक्षणखातं, असं मी म्हणाले. सोमवारी इंग्रिड शाळेच्या पिवळ्या बसमध्ये चढली आणि मी दातांच्या दवाखान्यात पुन्हा कामाला लागले. तिचं तिथे कसं होईल, या काळजीने दिवसभर माझाच दात उपटल्यासारखं वाटत होतं.

दुपारी तिच्या बाईंचा फोन आला. "जेवणाची घंटा झाली, तरी इंग्रिड उठेना. म्हणते, धडा अर्ध्यावर टाकून कोण उठतं?"

मी माफी मागणार, तोच बाई हसल्या. "अहो, तिच्याबरोबर आणखी चौघं बसून राहिली. वीस वर्षांत माझा धडा पहिल्यांदाच पुरा झाला!"

इंग्रिड घरी आली ती नाचतच. "आई, तिथे माझ्याशी वाद घालायला चोवीस जणं आहेत! इथे तू एकटीच होतीस."

म्हणजे ताई, तू बरोबर होतीस. मीही होते. यातलं पहिलं वाक्य या जन्मी तुझ्या कानावर येणार नाही. यंदा थँक्सगिव्हिंगला भोपळ्याच्या पाई मात्र एकाऐवजी दोन आणीन. दुसरी पाई कशाबद्दल, ते विचारू नकोस.

तुझी हट्टी धाकटी,
बर्निस