राल्फचं अरुंद जहाज

संडरलंड, ७ डिसेंबर १८३५

राल्फच्या गोदीत जाऊन त्याचं नवं जहाज पाहून आले. जहाज कसलं, पाण्यात उभं करायचं कपाट! कर टनांवर, आणि टन काढायचे लांबी-रुंदीवरून. खोली कुणी मोजतच नाही – रुंदीच्या निम्मी धरायची, असा कायदा! म्हणून आमचे बंधुराज रुंदी चोरतात आणि खाली विहीर खणतात.

"माल जास्त, कर कमी!" म्हणे. आणि वाऱ्यात आडवं झालं तर? "ते कप्तानाने बघायचं."

कप्तान म्हणजे माझा नवरा.

१२ डिसेंबर

कथबर्टला म्हटलं, नको घेऊस त्या जहाजाची कप्तानी. हसला. "जन्मभर दुसऱ्याच्या हाताखाली राबलो, टॅबी. आता कुठे कप्तान होतोय." इतका खूश, की पुढे बोलवेना. मला भीती वाटते. बुडेल तो.

२० डिसेंबर

नव्या वर्षापासून नवा कायदा – खोली खरोखर मोजणार! राल्फची नुसती धावाधाव. मोजणीवाले पिंकनीसाहेब एकतीसला येणार.

"एकदा जुन्या मापाने नोंद झाली की मग कुणाचा बाप येत नाही मोजायला!"

आणि चुकली ती तारीख तर?

"तर विकून टाकीन. पुरा कर भरून असलं तिरपागडं कोण पोसणार?"

स्वतःच्या तोंडाने म्हणाला – तिरपागडं!

३१ डिसेंबर

मोजणीआधी साहेबाला जेवू घालायचं, हा गोदीचा रिवाज. यंदा पान मी मांडलं. भाजलेलं बदक, वाटाण्याचा लगदा, तव्यावरचे गोड केक. आणि रम. आणखी रम. आमच्याकडे दुपारीच अंधारतं. साहेब खुर्चीत घोरत होते, मी आतून कडी घातलेलं दार राल्फ बडवत होता.

"अगं बये, उठव त्यांना!"

"सरकारी माणसाला मी बाई कसा हात लावू?"

उठले तेव्हा बाहेर काळोख. "उद्या मोजू," म्हणाले. उद्या!!

१ जानेवारी १८३६

वर्षाचं पहिलं पाऊल घरात काळ्या केसांच्या पुरुषाचं पडावं लागतं. पडलं पिंकनीसाहेबांचं – हातात शकुनाचा कोळसा, चेहरा ओशाळा. तरी रम मागितलीच! मग गोदीत जाऊन त्या विहिरीत उतरले आणि नव्या कायद्याने खोली मोजली. आकडा ऐकून राल्फ माझ्यावरच ओरडला. "तुला बघून घेईन, टॅबी!" खुशाल बघ.

९ जानेवारी

जहाज मातीमोल भावाने विकलं राल्फने. सुटले! कथबर्ट सकाळपासून घरात नाही, रुसला असेल. येईल भूक लागली की.

१० जानेवारी

कथबर्टनेच घेतलंय. राहतं घर गहाण टाकून. "एवढं स्वस्त पुन्हा कधी मिळणार गं!" मंगळवारी निघतोय.