इनोकेचा ताड

वाइनिवेसी,
दि. ४ जुलै १९८३

प्रिय उनाइसी वन्संस, मकेरेताचा सा. न. वि. वि.

तुमच्या जावयानं परस्पर धाडलेले पाहुणे सुखरूप पोचले. ते वनस्पतींचे डॉक्टर आहेत हे तुम्ही कळवलंत, पण जेवायला हाक मारली तरी येत नाहीत, हे नाही कळवलंत. आल्यापासून माझ्या परसातच उभे आहेत, डुकरांच्या कुंपणाजवळच्या ताडासमोर. तुमचा भाऊ इनोके देवाघरी जाताना माझ्यासाठी तेवढंच एक उभं ठेवून गेला. डॉक्टर म्हणाले, या जातीचे ताड जगात फक्त आपल्याच खोऱ्यात होतात आणि आता बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत. मी त्यांना सांगितलं, इनोके जंगलातून ते बी खिशात घालून आला तेव्हा त्याला नुसती भूक लागली होती, जगाचं काही माहीत नव्हतं. वरच्या जंगलातले बाकीचे ताड लाकूडवाल्यांनी पाडले, तेव्हा कुणी डॉक्टर फिरकला नाही.

काल यंगोना प्यायला सगळे बसले असताना साइरुसी भावोजी म्हणाले, पाहुण्याचं मन त्या झाडावर बसलंय आणि पाहुण्यानं वाखाणलेली वस्तू स्वतःकडे ठेवणं गावाला शोभत नाही. मी चटईच्या खालच्या टोकावरून बजावलं की झाड माझं आहे आणि ते द्यायचं नाही. सगळे हसले. एवढं झाड उचलून नेणार कोण, म्हणून मीही पुढे बोलले नाही.

मागण्यावरून आठवलं. तुम्ही दर नाताळात येऊन ‘केरेकेरे’ म्हणायचात, आणि आपल्या माणसानं तसं मागितलं की नाही म्हणायचं नाही, म्हणून इनोके देत राहायचा. माझं जाड बुडाचं पातेलं गेलं, लग्नातली चटई गेली, याच ताडाखालचं एक रोपसुद्धा गेलं. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी आपल्या दोघींच्याही टॉवेलांवर नावं शिवून घेतली होती. मी त्यावरून माझं ते माझं एवढं शिकले, तुम्ही माझा टॉवेल वापरायला शिकलात. मी जन्मात कुणापुढे हात पसरला नाही, पसरणारही नाही.

लोभ असावा, पातेल्यावरचा सोडून.

आपली,
मकेरेता

सुवा,
दि. ९ जुलै १९८३

प्रिय मकेरेता वहिनी, स. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून जावयाला हसता हसता ठसका लागला. पातेलं उत्तम आहे, आज त्यात कोलंबी शिजतेय. चटई झिजली. रोप मात्र कपड्यांच्या दोरीच्याही वर गेलंय आणि यंदा पहिल्यांदाच फळलंय. नातवंडं कोवळी फळं पाडून आतला गर खातात. मी रागावत नाही. तू रागावली असतीस.

साइरुसीवर लक्ष ठेव. लहानपणी आईनं त्याला पाहुण्यांना काहीतरी चांगलंसं वाढायला सांगितलं, तर त्यानं घरातली अंड्यावरची कोंबडी कापली होती. त्याच्या मनात कपट नसतं, तेच अवघड आहे.

आणि मागण्याला एवढी नावं ठेवू नकोस. परक्याकडे कोण मागतं, वहिनी? तू मात्र आम्हा सगळ्यांना परकंच ठेवलंस.

डॉक्टरांना पोटभर खाऊ घाल. लोभ आहे, तो तू न मागताही राहील.

तुझी,
उनाइसी

वाइनिवेसी,
दि. २० जुलै १९८३

उनाइसी वन्संस, सा. न. वि. वि.

लॉरीवाल्यानं तुमचं पत्र आणलं, पण उशीर झाला होता.

शनिवारी मी नदीपलीकडे चर्चच्या महिला मंडळात गेले होते. संध्याकाळी परतले तर परसात आभाळ जास्त दिसत होतं. भावोजींनी ताड तोडला होता, पाहुण्यांच्या निरोपाच्या जेवणासाठी. अख्खं झाड देता येत नाही, म्हणून त्यातलं सगळ्यात चांगलं ते दिलं, असं त्यांचं म्हणणं. शेंड्यातला कोवळा गाभा, नारळाच्या दुधात शिजवून. हे सांगताना त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की मला काठीच शोधावी लागली.

ताटात काय आहे हे डॉक्टरांना दुसऱ्या घासाला कळलं. ते रडायला लागले. पाहुणा भारावला असं समजून बायकांनी त्यांना आणखी वाढलं. त्यांनी ते सगळं खाल्लं, वन्सं. एका शब्दानं कुणाचा पाणउतारा केला नाही. मला ते जमलं नाही. भावोजी आता रोज सकाळी येतात, न बोलता माझ्या डुकरांना खायला घालतात आणि जातात. मीही बोलत नाही.

बुंध्यावर बसून लिहितेय. इनोके रोज संध्याकाळी कोयता इथे रोवायचा, ती खाच अजून आहे. या झाडाखाली एकही बी उरलेलं नाही. जे पडलं ते वर्षानुवर्षं डुकरांनी फस्त केलं आणि मी त्यांना हाकललं नाही. झाड उभं होतं ना, बियांचं मला काय. आज लॉरी आली, तेव्हा डॉक्टर उद्या निघतील. तुमच्या परसातल्या ताडाचं मी त्यांना सांगितलेलं नाही. तो तुमचा आहे, आधी तुम्हाला विचारायला हवं.

उनाइसी, पोरांना फळं पाडू देऊ नकोस. ती पिकू देत. पिकली की ओल्या काथ्यात गुंडाळून लॉरीवाल्याकडे दे. थोडी डॉक्टरांना दे, थोडी मला. डुकरांचं कुंपण मी आजच हलवायला घेते. भावोजी येतील तेव्हा त्यांनाच सांगेन, म्हणजे बोलणं होईल.

केरेकेरे, उनाइसी.

लोभ जेवढा शिल्लक असेल तेवढा असू दे.

तुझी,
मकेरेता

ता. क. पातेलं राहू दे तुझ्याकडेच.