ठोकळ्यांचा नववा मजला

१४ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल, थोरलीची परीक्षा नीट पार पडली असेल असं धरून चालते. पावणेदोन वर्षांत एकदाही विचारलं नाही आणि आता विचारते आहे, पण पत्राची सुरुवात दुसरी कशी करतात ते मला येत नाही. आमच्याकडे सगळं ठीक आहे.

ठीक नाही. वरचं वाक्य खोडणार होते, पण पान घाण दिसेल म्हणून राहू दिलं.

त्या दिवशी वाचनालयाच्या हॉलमध्ये तुम्ही प्रदर्शन बघायला आलात, ते मी पाहिलं. मी दाराशी पत्रकं वाटत होते. तुम्ही निळा स्वेटर घातला होता. तुम्हाला पाहिलं आणि मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन खांबाआड गेले. तुम्ही ह्यांच्या टेबलापुढे बराच वेळ उभ्या राहिलात, काहीतरी विचारलंत आणि निघून गेलात. त्याबद्दलच लिहायचं आहे. पण एकदम लिहायचा धीर नाही, आधी थोडं मागचं सांगते.

भाऊजी गेले त्यानंतर हे कामावर गेलेच नाहीत, एवढं तुमच्या कानावर आलं असेल. साहेबांनी दोनदा निरोप पाठवला, नंतर तेही थांबले. हे सकाळी पलंगाच्या कडेला बसायचे, एक मोजा पायात, एक हातात, ते दुपारपर्यंत तसेच. विचारलं तर उत्तर, मग तेही बंद. आयुष्यभर लिफ्टवर काम केलेला माणूस लिफ्टमध्ये पाय टाकेना. मनाचा दवाखाना चौथ्या मजल्यावर आहे, आम्ही जिने चढून जायचो. मी समजावलं, रडले, आणि एकदा ओरडलेही, "दुःख काय तुम्हा एकट्यालाच झालंय?" ह्यांनी नुसती नाही म्हणून मान हलवली. कुठे तोंड लपवू असं झालं मला.

दवाखान्यात एक समुपदेशक बाई दर मंगळवारी ठोकळ्यांचा वर्ग घेतात. मुलं खेळतात ना, एकात एक बसणारे प्लास्टिकचे ठोकळे, तेच. मी मनात म्हटलं, एवढंच बघायचं राहिलं होतं. बाईंना तसं तोंडावर बोललेही. त्या म्हणाल्या, "तोंडाला काम जमत नसेल तर हातांना देऊन बघू. त्यांचे हात कामसू दिसतात."

टेबलाभोवती सहाजण बसायचे. एक बेकरीवाले फक्त पलंग बांधायचे, एक झाला की दुसरा. का, विचारलं तर म्हणायचे, "पाहुणे येतील." एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांचं लक्ष स्वतःच्या कामापेक्षा दुसऱ्याच्या कामावर जास्त. ह्यांनी पहिले तीन मंगळवार नुसते रंग वेगळे केले. चौथ्या मंगळवारी म्हणाले, "ह्यात चार खुंट्यांचे कमी आहेत." चार महिन्यांतलं पहिलं पुरं वाक्य, वहिनी! मी चारी मजले उतरेपर्यंत ते वाक्य पुटपुटत होते.

मग ह्यांनी इमारत बांधायला घेतली. पुढून उघडी, आतला लिफ्टचा शाफ्ट दिसेल अशी. दोऱ्याचे वायररोप, पुठ्ठ्याची केबिन. शिक्षिकाबाई म्हणायच्या, "मिस्त्री, सातवा मजला वाकडाय तुमचा." हे मुकाट्याने उतरवायचे आणि पुन्हा रचायचे. घरी येऊन जेवायचे. मी शेजारीपाजारी सांगत सुटले की माणूस मार्गाला लागला. इमारत कुठली आहे हे मला कळत नव्हतं असं नाही. मी मजले मोजायचं टाळत होते.

मनाच्या आजाराबद्दल लोकांनी उघडपणे बोलावं म्हणून दवाखान्याने ते प्रदर्शन भरवलं. प्रत्येकाच्या कामापुढे कार्ड होतं, त्यावर हवं ते लिहायचं. ह्यांनी कोरंच ठेवलं. आदल्या दुपारी इमारत हॉलमध्ये न्यायला मी मदतीला गेले, तेव्हा नववा मजला पुरा झालेला पाहिला. केबिनच्या छतावर पिवळ्या टोपीचा माणूस उभा होता. बाहेर पॅसेजमध्ये दुसरा, त्याच्याकडे पाठ करून. त्याच्या हातात, कानाजवळ, एक बारीक काळा ठोकळा.

"सांभाळून धर," हे म्हणाले, "वरचं सैल आहे."

मी धरलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. तुमचं बोलणं मला खांबाआडून ऐकू आलं. तुम्ही विचारलंत, "हा बाहेरचा कोण?" हे म्हणाले, "मी." तुम्ही विचारलंत, "हातात काय आहे?"

हे म्हणाले, "पाना."

अपघाताच्या चौकशीतही ह्यांनी हेच सांगितलं होतं. पाना आणायला बाहेर गेलो, म्हणून तो माझ्या जागी केबिनवर चढला.

वहिनी, तो पाना नाही. फोन आहे, आणि फोन मी केला होता.

पडदे शिवायला टाकले होते. शिंप्याच्या दुकानात उभी होते, तो घाई करत होता आणि मला खिडकीची उंची आठवेना. एवढंच काम. शाफ्टमध्ये नीट ऐकू येत नाही म्हणून हे बाहेर आले. मागून भाऊजींचं हसणं मला ऐकू आलं, "बोल बाबा, बोल, घरचे साहेब आहेत! मी चढतो तोवर." ह्यांनी साडेचार फूट सांगितलं. मग मोठा आवाज झाला. मी म्हटलं, "काय पडलं हो?"

भाऊजींचं शेवटचं बोलणं मी ऐकलं आहे. ते तुमचं होतं आणि मी पावणेदोन वर्षं दाबून ठेवलं. लिफ्टचा ब्रेक झिजला होता, दोष कोणाचा नव्हता, हे चौकशीच्या कागदावर आहे. मी ते पाठ केलंय. उपयोग होत नाही.

तुम्ही गेल्यावर ह्यांनी खुर्चीत बसून इमारत वरून खाली सोडवली, लोक बघत असताना. बाईंनी थांबवलं नाही, नुसत्या शेजारी बसल्या. त्यानंतर हे मंगळवारी गेले नाहीत. मागच्या गुरुवारी दुपारी गच्चीच्या कठड्यावर बसलेले शेजाऱ्यांना दिसले. त्यांनी बोलत बोलत खाली आणलं. संध्याकाळी मी सही करून ह्यांना दवाखान्यात भरती केलं. सही करताना हे माझ्या हाताकडे बघत होते, रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं. बाई म्हणतात वेळ लागेल. किती, ते त्यांनाही सांगता येत नाही. मला चार ते पाच भेटू देतात. आम्ही समोरासमोर बसतो आणि मी घड्याळाकडे बघायचं टाळते.

काल ह्यांना सांगितलं की वहिनींना सगळं लिहिणार आहे. भरती झाल्यापासून पहिल्यांदा बोलले. "नको. निदान तुझ्यावर तरी त्यांची माया राहू दे."

तरी लिहिलं. ह्यांचं एवढंही मी ऐकलं नाही.

माफी मागणार नाही. मागितली तर ह्यांना बरं करण्यासाठी मागितल्यासारखी होईल, आणि थोडी तशी असेलही. तुम्ही या असंही म्हणत नाही. येऊ नका असंही म्हणवत नाही. उद्या चारला गेले की पत्र टाकल्याचं ह्यांना सांगू की लपवू, तेही ठरत नाही.

मुलींना आशीर्वाद लिहिणार होते. ते तुम्हाला चालेल की नाही, कळत नाही.

तुम्ही यापुढे मला जी कोणी म्हणाल,
ती