डावखुऱ्या पिचरची बाजू

गुरुवार, संध्याकाळ. रास तनुरा, सौदी.

रजा गेली. बहिणीच्या, नसीमच्या निकाहला मी नसणार.

आणि हे सगळं त्या एका बॉलमुळे. गेल्या वर्षी आमच्या अमेरिकन साहेबाने ऑफिसात बेसबॉलचा बॉल सहज उडवला आणि मी तो एका हाताने झेलला. रत्नागिरीचा पोरगा आणखी काय करणार? साहेब खूश. "खेळतोस?" मी म्हटलं, येस सर. काय गरज होती? आयुष्यात खेळलो ते क्रिकेट.

तेव्हापासून रोज जेवणाच्या सुट्टीत एकच वाद: गेल्या दहा वर्षांतला सगळ्यात भारी खेळाडू कोण? साहेब एका होमरनवाल्याचा, म्हणजे त्यांच्यातल्या सिक्सरवाल्याचा, भक्त. नुसतं होला हो केलं तर त्याला मजा येत नाही, म्हणून मी एक डावखुरा पिचर, म्हणजे त्यांचा बोलर, धरून ठेवला. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून त्याचा खेळ पाठ केला. रजेवर सही करणारा माणूस खूश राहावा, एवढ्यासाठीच.

आज तोच बॉल हातात फिरवत साहेब म्हणाला, "बेसबॉलची फायनल झाल्यावर जा ना. तू गेलास तर मी वाद कुणाशी घालू?" निकाह त्याआधी आहे, सांगितलं. "सॉरी," म्हणाला, आणि लगेच, "मग? अजून तुझा पिचरच?"

गप्प बसायचं ना! नाही. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत तावातावाने भांडलो. आणि खरं सांगायचं तर अगदी मनापासून.

आत्ता नसीमचा फोन येतोय. "भाई, तिकीट काढलंस?" हेच विचारणार. तिच्या नावामागे स्क्रीनवर पिचरचा व्हिडिओ अर्धवट थांबलाय.