हॅमर थांबाड

नंदुरबार
२० सप्टेंबर

प्रिय हेमकांत,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. राहू दे. आधी घडलं ते क्रमाने लिहिते. यात काही चुकलं असेल तर त्या आकड्याचा उल्लेख करून कळव.

१. मार्च महिन्यात खंभातच्या आखातात समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी चाचणीचा दुसरा खांब तळात ठोकायचा होता. मी पहाऱ्याच्या बोटीवर, डॉल्फिनवर लक्ष ठेवणारी निरीक्षक होते. तू बार्जवर, खांब ठोकणारा हॅमर चालवणाऱ्याच्या शेजारी. मी 'थांबवा' म्हटलं की ते त्याला सांगायचं, एवढ्यासाठीच तिथे तुझी खुर्ची होती.

२. ठोकण्याआधीच्या पहाऱ्यात पाणी मोकळं होतं. मी तसं कळवलं. हॅमर हळू सुरू झाला.

३. थोड्या वेळाने हायड्रोफोनवर, म्हणजे पाण्याखालच्या माइकवर, शिट्ट्या ऐकू आल्या. मग डॉल्फिनची मादी आणि तिचं पिल्लू, ज्या हद्दीत प्राणी दिसला की हॅमर थांबवायचा तिच्या आत, पाण्यावर आली.

४. मी वॉकीटॉकीवर हॅमर थांबवायला सांगितलं. दोनदा.

५. हॅमर थांबला नाही.

६. दुसऱ्या दिवशी ओहोटीला पिल्लू किनाऱ्यावरच्या चिखलात मेलेलं सापडलं.

७. चौकशीत वॉकीटॉकीचं ध्वनिमुद्रण ऐकलं गेलं. आपण अहिराणीत बोललो होतो. समितीत कुणालाच अहिराणी येत नव्हती. त्यांनी भाषांतर तुझ्याकडे मागितलं.

८. तू लिहून दिलंस: "खासगी संभाषण. कामाशी संबंध नाही."

९. मी 'थांबवा' म्हटल्याचा पुरावा उरला नाही, म्हणून माझं निरीक्षकाचं प्रमाणपत्र स्थगित झालं. तू अजून कामावर आहेस.

पिल्लू हॅमरमुळेच मेलं असं मी लिहिलेलं नाही, हे लक्षात घे. पशुवैद्यांना त्याच्या कानात रक्त दिसलं, पण कारण त्यांनी खात्रीने सांगितलं नाही, म्हणून मीही सांगत नाही. मी फक्त जे ऐकलं ते सांगू शकते. दोन घावांच्या मधल्या वेळात पिल्लाची शिट्टी येत होती. प्रत्येक डॉल्फिनची शिट्टी वेगळी असते, हे तुला मीच पहिल्यांदा सांगितलं होतं आणि तू विचारलं होतंस की त्यांच्यात आडनावंही असतात का. सुरुवातीला आईची शिट्टी उत्तर देत होती. हॅमर पूर्ण जोरावर गेला तेव्हा ती यायची थांबली. पिल्लाची चालू राहिली. त्या गढूळ पाण्यात डोळ्यांना काही दिसत नाही. त्यांना एकमेकांकडे पोहोचायला आवाजाशिवाय दुसरा रस्ता नाही. हेडफोन माझ्या कानावर होते. तुझ्या नव्हते, हे मी मान्य करते.

नियमाप्रमाणे मी ठरलेल्या इंग्रजी शब्दांत सांगायला हवं होतं. मी ते अहिराणीत सांगितलं. ही माझी चूक आहे आणि तसं मी समितीला लिहून दिलं आहे. पण ती सवय कशी लागली ते तुला माहीत आहे. तुमच्या घरात गुजरांची गुजरी, आमच्या घरात मारवाडी, ऑफिसात इंग्रजी, बार्जवर हिंदी. सुरतेच्या बसमध्ये, विसरवाडीला टायर पंक्चर झाला तेव्हा तू कंडक्टरशी अहिराणीत भांडत होतास आणि मी मागच्या सीटवरून तुझी चूक काढली होती. तू वळून म्हणालास, "मारवाडीनी पोर माले अहिराणी शिकाडी ऱ्हायनी!" तेव्हापासून ती आपली भाषा झाली. समुद्रावर सहा भाषांची माणसं असताना ती फक्त आपल्या दोघांना कळायची. मला त्यात सुरक्षित वाटायचं. तीच भाषा तू माझ्याविरुद्ध वापरशील, हा हिशेब मी केला नव्हता.

नंदुरबारची बातमी विशेष नाही. मिरचीचा हंगाम अजून सुरू व्हायचा आहे. पप्पा मिरची वाळत घालायची पथारीची जागा साफ करून घेत आहेत. परवा तिथे उभं राहून ते आमच्याकडे कामाला असलेल्या लोटनला खडे वेचायला सांगत होते आणि लोटन म्हणत होता की शेठ, मिरची वाळवणार आहात की मिरचीला झोपवणार आहात. मी दुकानात बसते, कॉम्प्युटर बघते. लोक विचारतात, केव्हा जाणार परत. मी सांगते, बघू.

मागच्या आठवड्यात मम्मीचे डोळे दाखवायला चिंचपाड्याच्या दवाखान्यात गेलो होतो. तिथे तुझी आई भेटली. रुक्मिणीकाकींनी माझा हात धरला आणि नोकरी का सोडली ते सगळ्यांसमोर विचारलं, "का वं पोरी, नवकरी काब्र सोडी? हेमकांत सांगे, तुले समुद्र सोसना नही." मम्मी माझ्याकडे बघत राहिली. मी काकींना म्हटलं, हो, सोसला नाही. खोटं बोलायची मला सवय नाही, तरी ते चटकन जमलं, कारण समोर त्या होत्या. त्यांनी पिशवीतून घरची केळी काढून दिली. ती मी खाल्ली नाहीत. मम्मीने खाल्ली, म्हणाली गोड आहेत.

म्हणजे समितीला तू एक सांगितलंस आणि घरी दुसरंच. दोन्हीत दोष माझा.

संवत्सरीच्या दिवशी तुझा 'मिच्छामि दुक्कडम्' आला. हात जोडल्याचं चित्र, कमळ, खाली चकचकीत अक्षरं. त्या दिवशी आमच्या घरात लहान-मोठे सगळे एकमेकांची क्षमा मागतात, कळत-नकळत झालेल्या सगळ्याची. आणि ज्याच्याकडे मागितली त्याने नाही म्हणायचं नसतं. तुला हे मीच सांगितलं होतं. संध्याकाळी आमच्या काकांचा पारस आला. तुझ्या वडिलांना तो ठिबकच्या नळ्या विकतो. त्याने मोबाइल दाखवून म्हटलं, "बघ, प्रेमचंदभाईंचा पोरगा किती संस्कारी, आपला सण लक्षात ठेवतो." तेच चित्र, तेच कमळ. मी तुला उत्तर दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या दिवशी कुणाला उत्तर दिलं नाही. मला वाटलं होतं, तू माझं नाव लिहून, नेमकं काय केलंस ते लिहून मागशील. तसं मागितलं असतंस तर मी काय केलं असतं हे मला माहीत नाही. तू ती वेळच येऊ दिली नाहीस.

आता ध्वनिमुद्रणाबद्दल. समितीच्या अहवालाची प्रत हातात आल्यावर मी तुला फोन केला होता. तू म्हणालास, "मी तुन्ही इज्जत वाचाडी. ते सगळं तुन्हा पप्पास्ना कानवर गयं आस्तं ते?" मी फोन ठेवला. क्षणभर मला ते खरं वाटलं. नंतर मी शांतपणे विचार केला. त्या ध्वनिमुद्रणात तीन गोष्टी आहेत. त्या क्रमाने मांडते.

पहिली गोष्ट पहाऱ्याच्या वेळची. पाणी मोकळं होतं. तू विचारलंस की तुमच्या घरी कांदा-लसूण चालत नाही, मग मी जावई झालो तर काय खासू? मी म्हटलं, "मिरची खाय. ती जमीनना वर येस." तू एवढ्या मोठ्याने हसलास की वॉकीटॉकी खरखरली. मग तुझा आवाज बदलला. तू विचारलंस, पप्पास्ले भेटाले कव्हय येऊ? मी म्हटलं, "मिरचीना सीझन सरू दे, मंग घर ये. मी हा म्हणस." हे कामाच्या वेळेत बोलायला नको होतं. पण बोलले, आणि ते खरं होतं.

दुसरी गोष्ट त्यानंतरची, हॅमर सुरू झाल्यावरची. मी म्हटलं, "हेमकांत, हॅमर थांबाड. माय नि पिलू शेत. आतेच थांबाड." आई आणि पिल्लू आहेत, आत्ताच थांबव, एवढंच.

तिसरी गोष्ट तुझी आहे. तू म्हणालास, "पाच मिनिट ऱ्हाय. आते थांबाडं ते खांब आडकी जाई."

तुझं कारण अगदीच खोटं नव्हतं. अर्ध्यात थांबलं की चिकणमाती खांबाला धरून बसते, पुन्हा ठोकणं अवघड होतं, वरचे लोक चिडतात. पण हॅमर चालवणाऱ्याला माझा शब्द पोहोचवून मग हे कारण वाद घालून मांडता आलं असतं. तू तो पोहोचवलाच नाहीस. आणि तू मला उत्तर देत होतास, म्हणून मी समजले की निरोप गेला आहे आणि तिकडे थांबवायची तयारी चालू आहे. म्हणून मी दुसऱ्यांदाही तुलाच ओरडून सांगितलं, दुसऱ्या कुणाला नाही. दुसऱ्यांदा तू काहीच बोलला नाहीस. वॉकीटॉकी तुझ्या हातात होती, ती उघडी होती. तुझ्यामागचे घाव मला त्यातून ऐकू येत होते.

तर, तू इज्जत वाचवलीस म्हणतोस. पहिली गोष्ट लपवून माझी वाचवली असशील. पण पहिलीबरोबर दुसरी गेली, आणि दुसरीबरोबर तिसरी. लपायची गरज फक्त तिसरीला होती. माझ्या 'हो'ची चादर करून तू तिच्याखाली आपलं 'पाच मिनिट' झाकलंस. मला याचा राग येत नाही असं मी इतके महिने स्वतःला सांगत होते. ते चुकीचं निरीक्षण होतं.

दिवाळीनंतर काम पुन्हा सुरू होणार आहे. कंपनीने अर्ज केला आहे की माणूस निरीक्षक बेभरवशाचा ठरला, म्हणून यापुढे हायड्रोफोनही नको आणि निरीक्षकाला हॅमर थांबवण्याचा हक्कही नको. प्राण्यांना पळवून लावणारं आवाजाचं यंत्र पाण्यात सोडलं की पुरे. त्या अर्जाचा एकमेव आधार तुझी ती एक ओळ आहे. ज्या हद्दीत मी ती दोघं पाहिली तिथे त्यांचा कळप वावरतो; गेल्या मोसमात मी तो ओळखायला शिकले होते. एकीच्या पाठीवरच्या पराला खाच आहे. ती जिवंत आहे का, मला माहीत नाही. तिथे आता कुणी बघत नाही.

हे पत्र आज का लिहिते आहे ते सांगते. समितीने माझी हरकत मान्य केली आहे. ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकलं जाईल, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि अहिराणी जाणणाऱ्या एका माणसाचं नाव मी सोमवारी २९ तारखेला द्यायचं आहे. गायत्री मॅडम यायला तयार आहेत. त्यांनी मला शाळेत मराठी शिकवलं. त्या जे ऐकतील ते सगळं मोठ्याने वाचतील, माझं 'हो' धरून, आणि ते अहवालात छापलं जाईल. म्हणून आज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी पप्पांना सगळं सांगितलं. मिरचीची थट्टा, तुझा प्रश्न, माझं उत्तर, हॅमर, पिल्लू. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. रागावले नाहीत. मारवाडीत त्यांनी एवढंच विचारलं, सीझन तर सरला, मग तो आला का नाही? मी म्हटलं, नाही आला. ते म्हणाले, बरं, आणि कुलूप काढायला गेले. त्यामुळे माझ्यासाठी म्हणून तुला आता काही लपवायचं उरलेलं नाही. गायत्री मॅडमनी वाचलं तर खरं काय ते बाहेर येईल, मला त्यांच्याकडून ते मिळेल. पण ते मला तुझ्याकडून हवं होतं, आणि अजूनही हवं आहे, हे लिहायला मला या पत्राची पाचही पानं लागली. तुझ्या हाताने पूर्ण भाषांतर लिही, तिन्ही गोष्टी, तुझ्या 'पाच मिनिट'सकट, आणि समितीला पाठव. पाठवणार की नाही, एवढं एका शब्दात मला शुक्रवार, २६ सप्टेंबरपर्यंत कळव.

तुला जिचा आवाज स्पष्ट ऐकू आला होता ती,
चांदनी